गाडी पायथ्याशी, पाय डोंगरावर

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बचत गटातल्या बायका. माइकसमोर आमच्यातली एकच बसली आहे, पण बोलतोय आम्ही सगळ्या. बाकीच्या जणी काचेपलीकडे बसल्यात आणि काही चुकलं की हात हलवतात. म्हणून आज 'मी' नाही, 'आम्ही'.

गटाचं काम म्हटलं की पापड, शेवया, मसाला, शेळीपालन, फार तर शिलाई मशीन. आम्हीही तेच केलं. नागलीचे पापड केले आणि बाजारात नेले. तिथे आमच्यासारखेच पाच गट नागलीचे पापड घेऊन बसलेले. मग विचार केला, आपल्याकडे असं काय आहे जे त्या पाच गटांकडे नाही? उत्तर घराच्या मागेच उभं होतं. डोंगर.

आज आम्ही त्याच कामाबद्दल सांगणार आहोत. शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखवत डोंगरावर न्यायचं, त्यांच्या जेवणाचं बघायचं, आणि जिथे कच्चा रस्ता आहे तिथे जीप सोबत ठेवायची. शहरातले लोक याला ट्रेकिंग म्हणतात. आमच्या सासूबाई म्हणतात, "सरपणासाठी आम्ही रोज चढायचो, तेव्हा कोणी पैसे दिले नाहीत."

त्यांचं म्हणणं खरं आहे. डोंगर चढणं आपल्याला नवीन नाही. आपल्या पट्ट्यातले कोकणी आणि भिल्ल बांधव मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात. कितीतरी दिवस नेम पाळतात आणि पौर्णिमेला डोंगरातल्या देवाच्या ठिकाणी जातात. तिकडे नंदुरबार जिल्ह्यात दिवाळीला अस्तंबा ऋषीच्या यात्रेला लोक सातपुड्यात रात्रीचे चढतात. वाट ओळखणं, पाण्याची जागा ठाऊक असणं, ढग बघून माघारी फिरणं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आम्ही त्याला फक्त हिशोबाची वही आणि शिट्टी जोडली.

आमच्या तीन वाटा

पहिली वाट भामेरच्या किल्ल्याची. निजामपूर-जैताण्याजवळचं हे गाव आपल्या तालुक्यातलं. गावाच्या मागेच डोंगर, डोंगरात कोरलेल्या गुहांच्या रांगा, पाण्याची टाकी, जुने दरवाजे. गाडी थेट गावापर्यंत जाते, अर्ध्या दिवसात चढून उतरता येतं. शाळेच्या मुली, पहिल्यांदा चढणाऱ्या बायका, यांना आम्ही इथेच नेतो. इथे जीपची गरज नाही, एसटीने आलात तरी चालतं.

दुसरी वाट आमच्या स्वतःच्या पठाराची. पिंपळनेरच्या पश्चिमेला डांबरी रस्ता संपतो आणि पुढे मातीची वाट लागते. मोठे दगड, दोन ओहळ, एक उभा चढ, आणि वर आमचे पाडे. पाहुणे पाड्यावर मुक्काम करतात आणि पहाटे पठाराच्या कड्यापर्यंत चालतात. हवा स्वच्छ असली की तिथून लांबवर डोंगरांच्या रांगा दिसतात. इथे चारही चाकांना जोर देणारी जीप लागते, जिला ड्रायव्हर लोक फोर बाय फोर म्हणतात. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. त्यातलं एक चाक चिखलात किंवा सुट्या खडीवर फिरत राहिलं की गाडी जागेवरच थांबते. चारही चाकांना जोर मिळाला तर उरलेली चाकं तिला बाहेर ओढतात. शिवाय अशा जीपला एक फार हळू चालणारा गिअर असतो, त्यात ती मुंगीसारखी पण खात्रीने चढते.

तिसरी वाट साल्हेरची. हा किल्ला शेजारच्या बागलाण तालुक्यात. आम्ही पिंपळनेरहून ताहाराबाद, तिथून मुल्हेर आणि पुढे साल्हेर असं जातो. 1567 मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. राज्यात त्याच्याहून उंच आहे ते फक्त 1646 मीटरचं कळसूबाई शिखर. 1672 मध्ये याच साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांशी मोकळ्या मैदानात लढाई करून ती जिंकली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांमध्ये आपला साल्हेर आहे. तेव्हापासून आमच्याकडे विचारणा वाढली.

साल्हेरला गाडीचा उपयोग वेगळा आहे. वाघांबे गावातून चढायचं, साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत पोचायचं, तिथून कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी एकेक दरवाजा ओलांडत माथ्यावर जायचं. वर गंगासागर तलाव आहे, रेणुकेचं देऊळ आहे, आणि सगळ्यात उंच टोकाला परशुरामाचं छोटं मंदिर आहे. उतरायचं मात्र दुसऱ्या बाजूने, साल्हेरवाडीला. म्हणजे आलो त्या वाटेने परत जायला नको, पूर्ण किल्ला बघून होतो. पण त्यासाठी आम्ही वर असताना जीप डोंगराला वळसा घालून दुसऱ्या पायथ्याशी पोचलेली असावी लागते. पाहुण्यांचं जास्तीचं सामान, कोरडे कपडे, जेवणाचे डबे, प्रथमोपचाराची मोठी पेटी, सगळं तिच्यात.

एक गोष्ट पहिल्यापासून ठरलेली आहे. जीप रस्त्यावर आणि पायथ्याशी. किल्ल्याच्या उतारावर, गवताच्या माळावर, पाण्याच्या जागेजवळ ती जायची नाही. काही पाहुण्यांना मजा वाटते, "जीप जरा वर घ्या ना भाऊ, व्हिडिओ काढू." आम्ही नाही म्हणतो. ओल्या मातीत एकदा चाकोरी पडली की पुढच्या पावसात तिथून पाणी धावतं, चाकोरीची घळ होते आणि माती आमच्याच शेतात येऊन पडते. ते माळ आमच्या गुरांचं चराऊ रान आहे.

पिकअपची गोष्ट

आता आमची पहिली चूक सांगतो. पहिल्या वर्षी जीप परवडत नव्हती. ओळखीतल्या एकाची मालवाहू पिकअप घेतली. मागे आम्ही बारा जणी उभ्या, सोबत पातेली, पाण्याचे हंडे आणि लाकडं. पाहुणे यायच्या आधी वर जाऊन स्वयंपाक मांडायचा होता. उभ्या चढावर इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरू लागली. ब्रेक दाबूनही घसरत होती. आमच्यातल्या एका आक्काने उडी मारली आणि हाताला लागला तो धोंडा मागच्या चाकाखाली सारला. गाडी थांबली. धोंडा सारताना तिची दोन बोटं चेंगरली, ती अजून नीट वळत नाहीत. त्या दिवशी आम्ही घरी काय सांगितलं माहितीये? "स्वयंपाक करताना लागलं." खरं सांगितलं असतं तर काम बंद झालं असतं, ही भीती होती.

ऑक्टोबर 2025 मध्ये, दिवाळीच्या दिवसांत, अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदशैली घाटात उलटली. शेजारच्या जिल्ह्यातली तरुण पोरं गेली. ती बातमी ऐकली तेव्हा आमच्या हातपायातलं बळ गेलं. आमचा चढ तसाच होता. आम्हीही तशाच उभ्या होतो. त्या संध्याकाळी गटाची बैठक झाली आणि त्या आक्काच्या बोटांची खरी गोष्ट आम्ही आमच्या घरी सांगितली.

बहिणींनो, हे तुमच्यासाठीही आहे, तुम्ही डोंगरावर जा की न जा. लग्नाला, यात्रेला, ऊसतोडीला, कापूस वेचायला आपण मालवाहू गाडीत उभ्या राहून जातो. ती गाडी मालासाठी बनवलेली असते. तिला बसायला बाक नाही, धरायला दांडा नाही, आणि वळणावर उभ्या माणसांचा सगळा भार एका अंगाला जातो. दुसरं म्हणजे विमा. मालवाहू गाडीच्या विम्यात अशी बसवलेली माणसं धरलेली नसतात. अपघात झाला तर घरच्यांना विमा कंपनीकडून भरपाई मिळणं फार कठीण होतं. माणूस जातं आणि वर कोर्टाचे हेलपाटे.

म्हणून आता आमचा नियम असा आहे. प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली, पिवळ्या पाटीची गाडीच घ्यायची. कागदांच्या प्रती गटाच्या फाइलमध्ये ठेवायच्या. जेवढ्या जागा, तेवढीच माणसं. टपावर कोणी नाही, मागच्या पायरीवर लोंबकळणारं कोणी नाही. उभ्या चढाला आणि ओहळाला सगळ्यांनी उतरून चालायचं, गाडी रिकामी जाऊ द्यायची. उतरायला पाहुण्यांना संकोच वाटतो, ड्रायव्हरलाही वाटतं आपल्यावर विश्वास नाही. पण आमचे जीपवाले भाऊ आता स्वतःच म्हणतात, "ताई, उतरा बरं सगळे." उतारावर ते गाडी गिअरमध्येच ठेवतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडायची सवय पुष्कळ जणांना असते. त्यात सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर धरत नाहीत. निघायच्या आधी टायर, स्टेपनी, जॅक, ओढायचा दोर आणि चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे आम्ही डोळ्यांनी बघतो. धोंडा शोधत बसायची वेळ परत नको.

जीप एकच होती

आता जी गोष्ट सांगायला आम्ही आलो, ती सांगतो. गेल्या डिसेंबरातली आहे.

अकरा पाहुणे आमच्या पठारावर आले होते. त्यांच्यात नाशिकच्या एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या, गुडघा दुखरा. त्यांनी आधीच विचारलं होतं, "मला वरून खाली जीपने आणाल ना?" आम्ही हो म्हणालो होतो. त्या विश्वासावर त्या आल्या. सकाळी कड्यापर्यंत हळूहळू चालल्या, खूप खुश होत्या. दुपारचं जेवण झालं, नागलीची भाकरी, उडदाची दाळ, ठेचा. जीप पाड्याच्या कडेला उभी.

तेवढ्यात पलीकडच्या पाड्यावरून एक पोरगा धावत आला. त्याच्या वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या, दिवसांच्या आधीच. फोन पाड्यावर लागत नाही, तो लागण्यासाठी टेकाडावर जावं लागतं. पोराने टेकाडावरून 108ला फोन केला होता. रुग्णवाहिका निघाली होती, पण ती येणार डांबरी रस्त्यापर्यंत. तिथून पाडा पाच-सहा किलोमीटर, ती मातीची वाट. एरवी अशा वेळी काय करतात हे आपल्याला ठाऊक आहे. बांबूला चादर किंवा गोधडी बांधायची, त्या झोळीत बाईला घालायचं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन निघायचं.

जीप एक होती. खाली न्यायचं कबूल केलेल्या बाई एक होत्या. आणि पलीकडच्या पाड्यावर कळा देणारी एक होती.

आम्ही फार चर्चा केली नाही. जीप पाठवली. गटातल्या दोघी सोबत गेल्या, त्यांतली एक आशाताई आहे. हे करताना आम्हाला एका क्षणाचीही शंका नव्हती, आजही नाही.

पण पुढचंही सांगायला हवं. नाशिकच्या त्या बाईंना आम्हाला पायी उतरवावं लागलं. एकीने पुढून हात धरला, एकीने मागून कमरेला आधार दिला. दर दहा पावलांना थांबत त्या उतरल्या. खाली पोचायला तीन तासांहून जास्त वेळ लागला, अंधार पडला. आमच्याकडे बॅटऱ्या चार, माणसं सोळा. पाहुण्यांपैकी एक जण रस्ताभर बोलत होते की आम्ही जीपचे पैसे भरले आहेत. आम्ही खाली आल्यावर सगळ्यांचे जीपचे पैसे परत केले. त्यावर ते गप्प झाले. नाशिकच्या बाई मात्र पैसे परत घेताना म्हणाल्या, "गाडी पाठवलीत ते बरोबरच केलंत. पण एकच गाडी आहे आणि ती अशी जाऊ शकते, हे मला आधी सांगायला हवं होतं. मग मी वर आलेच नसते."

बहिणींनो, हे वाक्य आम्हाला लागलं, कारण ते खरं होतं. आम्ही चांगलं काम केलं म्हणून आमची चूक पुसली जात नव्हती. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला आम्ही एका गाडीच्या भरवशावर वर नेलं होतं आणि दुसरा उपाय हातात ठेवला नव्हता.

त्या वहिनीला वाटेत रुग्णवाहिका भेटली, ती दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मुलीचं नाव काय ठेवलं ते आम्ही सांगत नाही, पण आमच्या जीपवाल्या भाऊंना पाचवीच्या जेवणाला बोलावलं होतं एवढं सांगतो.

त्यानंतर ठरवलेले नियम

त्या रात्रीनंतर आम्ही वहीत काही गोष्टी लिहिल्या. आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या आधी वाचून दाखवतो.

पहिला नियम असा की पाड्यावर कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर जीप आधी तिकडे जाईल. पाहुणे पायी उतरतील किंवा मुक्काम वाढवतील. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी भामेरची वाट घ्यावी. आजवर हे ऐकून दोनच जणांनी नाव मागे घेतलं.

दुसरा नियम, ज्याला स्वतःच्या पायाने उतरता येणार नाही त्याला आम्ही वर नेत नाही. जीप ही सोय आहे, पायांना बदली नाही.

तिसरा, झोळीचं सामान नेहमी सोबत. दोन मजबूत बांबू पाड्यावर ठेवलेले, एक जाड चादर पिशवीत. वर्षातून दोनदा आम्ही एकमेकींना झोळीत घालून उचलायचा सराव करतो. पहिल्यांदा पोरं हसली. आता तीच पोरं खांदा द्यायला येतात.

चौथा, पुढे एक वाटाडी आणि शेवटी एक वाटाडी. शेवटच्या बाईच्या मागे कोणी राहायचं नाही. दर थांब्याला डोकी मोजायची. चाल अशी ठेवायची की चालता चालता बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की चाल जास्त झाली.

पाचवा, माघारी फिरायची वेळ आधी ठरवायची. साल्हेरला दुपारी बाराला जिथे असू तिथून परत, माथा हाताशी दिसत असला तरी परत. माथा उद्याही तिथेच असणार आहे.

सहावा, प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी आणि प्रत्येकाकडे बॅटरी. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. डोंगरात फिरणारे लोक पुष्कळ ठिकाणी हीच खूण वापरतात. ही खूण तुम्ही शेतात, रानात सरपणाला जातानाही वापरू शकता.

याशिवाय बायकांच्या म्हणून काही गोष्टी. आमच्यातल्या म्हाताऱ्या काष्टा घालून चढतात, तरण्या सलवार घालतात. दोन्ही चालतं, फक्त पदर आणि ओढणी कमरेला खोचलेली हवी. चप्पल चालत नाही. कॅनव्हासचे साधे बूट बाजारात मिळतात, तळवा घासलेला नसला म्हणजे झालं. पाळी आली म्हणून कोणी घरी राहायचं नाही, पिशवीत कापड किंवा पॅड आणि वापरलेलं परत आणायला वेगळी पिशवी ठेवायची. आणि पाणी कमी पिऊ नका. वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून आपण पाणी टाळतो, मग चक्कर येते. आम्ही दर तासाला आडोशाचा थांबा घेतो आणि त्या वेळी पुरुष पाहुणे पुढे चालतात.

कड्यावर आग्या मोहोळ असतं. तिथे धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. साप चावला तर भगताकडे नाही, चिरा देणं नाही, घट्ट दोरी बांधणं नाही. पाय हलवू न देता झोळीत घालून थेट दवाखान्यात. आमचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर गवत वाळलेलं असतं आणि एका विडीने डोंगर पेटतो. पावसाळ्यात मातीच्या वाटेवर जीपही जात नाही, म्हणून आम्हीही नाही म्हणतो. डोंगऱ्या देवाच्या दिवसांत देवाच्या ठिकाणी पाहुणे नेत नाही, फोटोही काढू देत नाही.

पैसे आणि कागद

पैशाचं विचाराल. पाहुण्यांकडून आलेल्या रकमेतून आधी जीपचं भाडं आणि किराणा वजा होतो. उरलेल्याचे पाच भाग करतो. तीन भाग त्या दिवशी काम केलेल्या बायकांना, वाटाडी आणि स्वयंपाकीण यांना सारखे. आधी वाटाडीला जास्त देत होतो, मग भाकरी थापणाऱ्या जणी म्हणाल्या, "आमच्या भाकरीशिवाय तुमचा पाहुणा चालेल का?" तेव्हापासून सारखे. चौथा भाग गटाच्या बचतीत. पाचवा भाग जीपच्या डिझेलसाठी वेगळा, तो फक्त आजारी माणूस किंवा बाळंतीण नेण्यासाठी. त्या पैशाला हात लावायचा तर सगळ्यांच्या सह्या लागतात.

काम रीतसर करायचं असेल तर सरकारच्या योजनाही आहेत. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात जमीन, पाणी आणि हवेतल्या साहसी खेळांसाठी नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. 2023 मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आलं. स्त्रीच्या मालकीच्या आणि स्त्रीने चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंत कर्ज घेतलं तर त्यावरचं 12 टक्क्यांपर्यंतचं व्याज काही मर्यादेत परत मिळतं. पर्यटन संचालनालयाकडे अर्ज करावा लागतो. आम्ही अजून कर्ज घेतलेलं नाही, आधी कागद नीट करतोय. कर्जाने जीप घ्यावी असं काही जणींना वाटतं, काही जणी म्हणतात भाड्याचीच बरी. हा वाद अजून मिटलेला नाही. तसंच वनखात्याची जमीन असेल तर त्यांची परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव, हे दोन्ही आधी.

आणि आपण एकट्या नाही. बंगालमध्ये दार्जिलिंगच्या बाजूला संदकफू नावाचं 3636 मीटर उंचीचं ठिकाण आहे. तिथे मानेभंज्यांग गावातून जुन्या लँड रोव्हर गाड्या खडकाळ रस्त्याने वर जातात. चालणारे वाटाड्यासोबत चालतात, थकलेल्यांना आणि सामानाला गाडी नेते. त्या गावाची कितीतरी घरं यावर चालतात. लडाखमध्ये थिनलास चोरोल यांनी 2009 मध्ये फक्त बायकांनी चालवलेली ट्रेकिंग कंपनी सुरू केली, तिथे वाटाड्याही बायकाच. आणि लांब दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हिया देशात, गिर्यारोहकांसाठी स्वयंपाक करणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या बायकांनी एक दिवस ठरवलं की आपणही वर जायचं. जानेवारी 2019 मध्ये त्यांच्यातल्या काही जणी आपले रोजचे घेरदार घागरे घालूनच आकोंकाग्वा या 6961 मीटरच्या शिखरावर पोचल्या. आमच्या भाकरी थापणाऱ्या जणींना आम्ही हे सांगितलं, तर त्यातली एक म्हणाली, "मग मले बी साल्हेर दखाडा." ती पुढच्या महिन्यात वाटाडी म्हणून पहिल्यांदा जाणार आहे.

शेवटी एकच गोष्ट. पाहुण्यांच्या जीपमुळे त्या दिवशी एक बाळंतीण वेळेत पोचली, याचं लोक कौतुक करतात. आम्हाला ते कौतुक थोडं टोचतं. त्या दिवशी पाहुणे नसते तर जीप पाड्यावर नसती. एका बाईचा जीव शहरातले लोक सुट्टीला आले की नाही यावर अवलंबून असू नये. म्हणून येत्या ग्रामसभेत आम्ही त्या पाच-सहा किलोमीटरच्या रस्त्याचा विषय पुन्हा मांडणार आहोत. रस्ता झाला तर आमचं जीपचं काम कमी होईल, हे आम्हाला ठाऊक आहे. पाहुण्यांना आम्ही पायी नेऊ.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा. आपल्या पाड्यावरून, वस्तीवरून रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी कोणाची, ड्रायव्हरचा नंबर कोणाकडे, डिझेलचे पैसे कुठून? आणि आपल्या मागच्या डोंगराची, ओढ्याची, जुन्या देवळाची वाट आपल्यातल्या कोणाला सगळ्यात चांगली ठाऊक आहे? दोन्ही उत्तरं वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या उत्तरातून कदाचित काम निघेल. पहिलं उत्तर मात्र आजच हवं.

काचेपलीकडून हात हलतोय, वेळ संपली. राम राम.